निघतानाची शिंक

बारवी धरणाकडच्या पाड्यावर वाढलेली रखमा सापाला भ्यायची नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मुळीच नाही. शिंकेला मात्र जाम टरकायची. घरातून निघताना कुणी शिंकलं, की पाऊल मागे. चपला काढून घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आईने लावलेलं वळण, ते काही सुटलं नाही.

खरवईच्या एका नव्या इमारतीत ती राजसीची मुलगी सांभाळायची. संध्याकाळी राजसी ऑफिसातून आली, की रखमा निघायची आणि दोन वर्षांची सई भोकाड पसरायची. एकदा रडता रडताच सईला शिंक आली. दारातली रखमा मुकाट्याने परत येऊन बसली. सईचं रडणं जागच्या जागी थांबलं. ती एकदा रखमाकडे बघे, एकदा काढलेल्या चपलांकडे.

दुसऱ्या दिवशी रखमाने चपला घातल्या आणि मागून आवाज आला, "आच्छी!" नाक अगदी कोरडं. तरी रखमा बसली. सई खदखदून हसली. माणसं थांबवायचं बटणच सापडलं होतं तिला! मग तिने ते कुरियरवाल्यावर वापरून पाहिलं, खिडकीतल्या कबुतरांवरही. कुणी दाद देईना. रखमा मात्र रोज बसायची.

"मावशी, नाटकं करते हो ती. तुमची रिक्षा जाईल," राजसी वैतागायची.

"ठाव हाय, ताई. पन तिला वाटतंय ना, तिच्यामुळं मी बसते. मंग बसायचं."

पुढे सई शाळेत चालली आणि रखमाचं काम संपलं. शेवटच्या संध्याकाळी सई नव्या दप्तराची चेन उघडबंद करण्यात गुंग होती. रखमाने एक चप्पल घातली. थांबली. दुसरी घातली. पट्टा उगाचच नीट केला. शिंक काही येईना. एवढा जीव लावला आणि पोर विसरलीसुद्धा! शेवटी लाज गुंडाळून ठेवून रखमाने पदर नाकाला लावला आणि स्वतःच "आच्छी!" केलं.

सईने वर पाहिलं. डोळे बारीक केले.

"मावशी, तू खोटी खोटी शिंकलीस!"

आणि ती अशी हसत सुटली, की जमिनीवर लोळायला लागली. शिंकेत काही नसतं, मावशी आपल्यासाठीच बसते, हे तिला आता ठाऊक होतं. तिने धावत जाऊन पेला आणला, अर्धं पाणी वाटेत सांडलं, आणि रखमाच्या चपला स्वतः ओढून काढल्या.

रखमा पाणी पिऊन उठली. "आच्छी!" सई ओरडली. रखमा बसली. पुन्हा उठली, तर हसून हसून सईला ठसका लागलेला, तिच्याने शिंकवेना. रखमा दारापर्यंत पोचली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, चहाचं आधण ठेवता ठेवता, राजसी जोरात शिंकली.