सर्वात कष्टी कर्मचारी

ब्लाउजला हुक लावत बसले होते, तेव्हा दाजींचा फोन आला. "मंगल, निगडीला ये लवकर. शकू उठंना." उठंना म्हणजे काय? मला वाटलं, चक्कर आली असेल. रिक्षा करून गेले, तर शेवटच्या स्टॉपवर चाकणच्या कंपनीची बस उभी, आणि खिडकीशी माझी थोरली बहीण मांडीवर डबा घेऊन बसलेली, डोकं काचेला टेकलेलं... पहिली शिफ्ट सुटली की ती बसमध्ये बसल्या बसल्या डोळे मिटायची. चिखली आली की शेजारची बाई कोपरानं ढोसून उठवायची. त्या दिवशी ती बाई रजेवर होती. ड्रायव्हर रडवेला झाला होता. म्हणाला, "चिखलीला हाक मारली होती ओ मी. म्हटलं थकल्या असतील, झोपू द्यावं. परत जाताना उतरवणार होतो." त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. राग याचा आहे, की माझी बहीण मेलेली होती आणि अख्ख्या बसला ती दमलेली वाटली. कारण रोज ती तशीच दिसायची.

तेव्हापासून तेराव्यापर्यंत एकच शब्द ऐकून माझे कान किटले. "फार कष्टाळू हो!" जो येईल तो चहा घ्यायचा, मान हलवायची आणि कष्टाळू म्हणून चालता व्हायचा. अरे, जिवंतपणी तिच्या हातातली भाजीची पिशवी तरी कुणी घेतली होती का? मेलेल्या माणसाला कष्टाळू म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं!

आम्ही दोघी लातूरकडच्या. लग्न होऊन आधी ती चिखलीला आली, मागोमाग मी. दाजींचा कारखाना बंद पडला, तेव्हा ताई चाकणला कंत्राटी कामगार म्हणून लागली. गाड्यांच्या वायरी जोडायची लाइन, सगळं उभ्यानं. पायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. इकडे दाजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचे. कुठं चिकटायला मिळतं का बघायला. त्याला त्या घरात खटपट म्हणत. "माझं लेकरू किती खटपट करतंय गं," असं तिच्या सासूबाई डोळ्याला पदर लावून सांगायच्या, आणि तेव्हा ताई नुकती शिफ्ट करून येऊन भाकरी थापत असायची. ती जे करायची त्याला वेगळं नावच नव्हतं. ते आपलं काम. व्हायचंच ते.

तिला एकच गोष्ट हवी होती. पर्मनंट व्हायचं होतं. कंपनीचं ओळखपत्र कंत्राटदाराच्या नावाचं नको, कंपनीच्या नावाचं हवं होतं. कंपनीतले साहेब एकदा सहज बोलून गेले, "दहावी असतात तर नाव पुढं पाठवलं असतं." झालं! बाईनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तव्यावर भाकरी आणि तोंडात इतिहासाची प्रश्नोत्तरं. दाजी म्हणाले, "या वयात हे काय नसते उद्योग?" गंमत बघा. आमच्या या शहराला उद्योगनगरी म्हणतात, भाषणात म्हणताना पुढाऱ्यांची छाती फुगते. तोच उद्योग घरातल्या बाईनं स्वतःसाठी केला की नसता ठरतो.

पास झाली. पेढे घेऊन साहेबांकडे गेली. संध्याकाळी तशीच माझ्याकडे आली, शिलाई मशीनशेजारी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "मंगे, एफर्ट म्हंजे काय गं? सायेब म्हणले, तुमचा एफर्ट आवडला, मी प्रयत्न करतो."

"एफर्ट म्हणजेच प्रयत्न."

"मग आपुन करायलोत ते?"

"ते कष्ट," मी म्हटलं. "साहेबानं केले की प्रयत्न."

ती खो खो हसली. "तसं न्हाई गं. आपुन प्रयत्न करते म्हणलं की मरूस्तोर करावं लागतंय. त्येंनी करतो म्हणलं की झालंच, संपलं." तिच्या लाइनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'प्रयत्नांती परमेश्वर' लिहिलेलं होतं. ती हात जोडून म्हणायची, "परमेश्वराचं मागून बगू. आदी पर्मनंट तर होऊ दे."

साहेबांचा प्रयत्न चालूच राहिला. तिनं ज्यांना काम शिकवलं त्या पोरी पर्मनंट झाल्या. त्यांच्या पेढ्यांचा तुकडा ती माझ्यासाठी डब्यात आणायची. शेवटी धीर करून विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "आता तुमचं वय बसत नाही, ताई." तेही किती गोड आवाजात! आणि त्याच वर्षी महिला दिनाला तिला स्टेजवर बोलावून काचेची ढाल दिली. टाळ्या, फोटो, सगळं. ताईनं ती पदरात गुंडाळून माझ्याकडे आणली. मी वाचलं, 'सर्वात कष्टी कर्मचारी'. मी कपाळावर हात मारला. "अगं ताई, कष्टाळू लिहायचं होतं मेल्यांना! कष्टी म्हणजे दुःखी!" आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग तिचं हसू थांबलं. ढालीवरून बोट फिरवत ती हळूच म्हणाली, "कसं कळालं असंल गं यांना?"

मी उठून चहा ठेवला.

तेराव्याला साहेब हार घेऊन आले. ताईच्या फोटोशेजारी, टीव्हीवर ती ढाल होती. नमस्कार करता करता त्यांची नजर गेली आणि पहिल्यांदाच त्यांनी ती वाचली. "अरेरे, ही चूक झालीय आमच्याकडून," ते म्हणाले. "कष्टाळू हवं होतं. बदलून द्यायचा प्रयत्न करतो."

"नको साहेब," मी म्हटलं. "तुम्ही प्रयत्न नका करू."

दाजी माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. साहेब गेल्यावर म्हणाले, "आता बरं नाही दिसत ते, काढून ठेव. येणारा जाणारा वाचतो, चुकीचं लिहिलंय." मी काढली नाही. आजही त्या घरी गेले की पदराच्या टोकानं ढाल पुसते आणि होती तिथेच ठेवते. त्या कंपनीनं माझ्या बहिणीबद्दल एकच खरी गोष्ट लिहिली. ती मी खोडू देणार नाही.