चुना, मोरचूद आणि मालकाची विहीर

"काठी कायले पाह्यजे? हात आहेत ना तुले!"

मालगुजाराचा पोरगा असं म्हणाला आणि रांजणाजवळ बसलेल्या माझ्या मायच्या पाठीत त्यानं लाथ घातली. माय पुढे कोलमडली. दोन्ही हात कोपरापर्यंत चुन्यात. तोंडही त्यातच. चुना नुकताच विरवला होता, अजून उकळत होता.

तिचा गुन्हा एवढाच की चुना घोटायला तिनं लोखंडी झारा उचलला होता. पोरानं तो हिसकावला, तेव्हा ती म्हणाली, काठी तोडून आणते. तेवढाही दम त्याला नव्हता.

केशोरीकडच्या आमच्या गावात तेव्हा मिरचीवर रोग पडला होता. झाडं शेंड्याकडून वाळत, मिरच्या कुजत. सरकारी साहेब येऊन सांगून गेला की मोरचूद वेगळं विरघळवा, चुना वेगळा विरवा, दोन्ही मातीच्या भांड्यात एक करून फवारा. लोखंड वापरू नका, मोरचूद लोखंड खातं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, मालगुजार मात्र होता तिथंच होता. साहेबाच्या बोलण्यातून या बापलेकांनी एकच गोष्ट उचलली, लोखंड जपायचं. फवारायला पितळी पंप आणला. घोटायला आम्ही होतो.

रांजण विहिरीच्या काठाला मांडले होते. आम्ही अस्पृश्य. विहिरीला हात लावायचा नाही. मालकाचा गडी पाणी काढणार, वरून ओतणार, तेव्हा आम्ही हात धुणार. मोरचुदाचं निळं पाणी मात्र रोज सांडायचं आणि दगडांच्या फटीतून आत झिरपायचं. त्या विषानं विहीर बाटत नव्हती. आमच्या बोटानं बाटत होती.

माय जमिनीवर लोळत ओरडत होती. "डोरे जरून राहिले वो! माहे डोरे!"

मी म्हटलं, "मालक, पानी!"

पोरगा झारा पुसत होता. म्हणाला, "थांब. गडी जेवून राहिला. येईल तो, मंग वोतील."

जेवून राहिला! आणि माझी माय डोळे ओरबाडत होती. विहीर हातभर अंतरावर. दोर, बादली काठावरच. माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी बादली आत सोडली.

पहिली बादली तिच्या तोंडावर ओतली. दुसरी ओढत होते तेव्हा पाठीत मालकाच्या पोराची तुतारी बसली, बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर असलेली. मग डोक्यात. रक्त डोळ्यांत उतरलं. दोर सोडला नाही. तीही बादली ओतली. मग त्यानं माझा हात पिरगाळला, तेव्हा मी रिकामी बादली गरकन फिरवली. त्याच्या जबड्यावर बसली. तो खाली बसला आणि रक्तासोबत दात थुंकला. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटत नाही.

मग चारपाच जण धावून आले. आम्हाला तुडवत वस्तीपर्यंत आणलं. मायचा एक डोळा पांढराफट्ट झाला. दुसऱ्यानं तिला उजेड तेवढा कळायचा.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पंच बसले. गोमूत्र शिंपडून झालं होतं. फैसला ठरलेलाच होता. मी सगळ्यांसमोर काठावर नाक घासायचं, नाहीतर आमच्या वस्तीला गावात काम नाही, वाट नाही. मायच्या डोळ्यांबद्दल एकही जण बोलला नाही.

माझा बा मालगुजाराच्या पायावर पडला. "पोरीची चूक झाली, मालक." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "घास ना वो नाक. आपल्याले जगाचं आहे."

"माय आंधरी झाली, बा. अजून कायले भेऊन राहिला?"

मालगुजार हसला. "मस्ती आली का वो पोट्टे?"

मी त्याच्या डोळ्याला डोळा लावला. "नाक नाई घासत. उद्या पानी भराले येईन. मारा, नाई तर जित्ती गाडा."

रात्रभर वस्ती माझ्यापायी बापाला शिव्या देत होती. सकाळी मी घागर काखेत घेतली. बानं दार अडवलं, मी त्याला बाजूला केलं. शेजाऱ्यांनी आपापली दारं लावून घेतली. एकटीच निघाले. कमरेला विळा खोचला होता. आडवा येईल तो हात तोडायचा, हे घरूनच ठरवलं होतं.