बुचाला लावलेलं तेल

वडूजच्या स्टँडवरून एसटी हलली तरी आई खिडकीशी चालतच होती. करडईच्या तेलाची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "हिरे, तिथं त्वांड उघडून बोलत जा. गप बसू नगंस." आई, तुला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर होतो.

सांगलीला आमच्या मालकांना कारखान्यात काम लागलं आणि मला कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुण्याचं. चौथी शिकलेली मी. तिथल्या मॅडम काय करतात ते बघून बघून कळत गेलं. पाण्यात पांढरी पूड टाकायची, त्यात धुरात असतो तो कार्बनचा वायू सोडायचा आणि वर मोठा दिवा. उजेडाच्या जोरावर त्या पुडीनं वायूचं स्पिरिट करायचं. आपल्याकडं एवढं ऊन वाया जातं, म्हणून मला ते फार पटलं होतं. पूड मात्र ढिम्म. मॅडम नवी पूड भाजायच्या, पुन्हा तेच.

एकदा एका भांड्याचं काचेचं बूच अडकलं. तू बरणीला लावतेस तसं मी बोटानं तेल लावलं. नेमकं त्याच भांड्यात स्पिरिट निघालं. मॅडमनी पेढे वाटले, पुण्याला त्यांच्या सरांना फोन केला. पुढं दोन महिने तीच पूड, तोच दिवा, आणि काही नाही. मॅडम जेवायला विसरू लागल्या. "काहीतरी तेलकट आत गेलं असणार," असं त्या स्वतःशीच बोलल्या, तेव्हा माझ्या हातातला ब्रश थांबला. तरी मी आठ दिवस गप्प बसले. त्या आठ दिवसांची चीड अजून जात नाही.

शेवटी म्हणाले, "मॅडम, बुचाला मी त्याल लावलं हुतं."

"कसलं तेल?"

"आईनं दिल्यालं. करडईचं."

मॅडमनी दिवा बंद केला. "म्हणजे ते स्पिरिट तेलाचं. पुडीनं तेल फोडलं. वायूला हातसुद्धा लावला नाही. दोन महिने, हिराबाई! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

तुझंच बोलणं, आई.

कामावरून काढलं नाही. पुण्याला फोन मात्र माझ्यासमोरच केला. "ते खरं नव्हतं, सर," एवढंच म्हणाल्या. आता भांडं घेताना रोज विचारतात, "हिराबाई, तेल?" मी नाही म्हणून मान हलवते. स्पिरिट अजून निघालेलं नाही. मी डोक्याला तेल लावायचंच सोडलं.

दिवाळीला आले की तू माझे केस बघतेस. "आगं, सांगलीत त्याल मिळत न्हाई व्हय?" म्हणत मला पुढ्यात ओढतेस आणि बाटली उपडी करतेस. तेल का सोडलं, ते मी तुला अजून सांगितलेलं नाही. परतल्यावर शिकेकाईनं दोनदा न्हाऊन मगच लॅबमध्ये जाते. माझ्या अंगाला तेल चालतं असं आता तुझं तेवढंच एक घर राहिलंय.