बसूचे अनवाणी पाय

बसवराज, माझा धाकटा भाऊ, जाऊन दीड महिना झाला. शेवटचा आला तो माझ्याकडेच, भोकरला. अहमदपूरहून एसटीनं आला, नेहमीसारखा अनवाणी घरात शिरला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "अक्का, छातीत कसंतरीच होऊन राहिलंय." शेजाऱ्यांनी जीपमधून त्याला नांदेडला नेलं. गुडघ्यांपायी मी घरीच राहिले... दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. गॅसवरचा चहा आटून करपला तरी मी तशीच उभी होते.

खरं तर अधिकारी मला व्हायचं होतं. पण वडील अकाली गेले आणि मी डी.एड. करून शाळेत लागले. माझं राहून गेलेलं मी बसूवर सोपवलं, त्याला न विचारता. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नवं कलेक्टर ऑफिस आलं, तशी तिथल्या एका खुर्चीत मला माझा भाऊच दिसायला लागला. श्रावणातल्या एका सोमवारी महादेवाच्या देवळात त्याच्या हातावर बेल ठेवला आणि वदवून घेतलं : साहेब झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. तो हसत हसत बोलला. अक्काचं मन राखावं, एवढंच त्याला वाटलं असणार.

पाठोपाठ दुष्काळ आला. गावातल्या विहिरी आटल्या. बसू सायकलला घागरी बांधून दोन कोसांवरून पाणी आणायचा, वैशाखात, अनवाणी. तळपायाला फोड यायचे. त्यांवर खोबरेल लावता लावता मी म्हणायचे, "जिद्द सोडू नको रे." फोड त्याचे आणि जिद्द माझी, हे तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही. पाण्याच्या ओझ्यानं गल्लीतल्या सगळ्यांच्या सायकली मोडत होत्या. त्या नीट करून देण्यात त्याचा दिवस जायचा आणि पुस्तक उघडंच पडलेलं असायचं. मला भारी राग यायचा.

स्पर्धा परीक्षेत एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा थोडक्यात हुकला. तोवर मी भोकरला राहायला आले होते. तिसऱ्या वर्षी फॉर्म भरायच्या दिवसांत माझ्या दारात आला तो पायात चपला घालून.

"अक्का, लई झालं. मी आता परीक्षा देणार न्हाई."

"मग करणार काय?"

"सायकलचं दुकान टाकतो. तिथं बसलो की घड्याळ बघावं वाटत न्हाई. पेपर लिहिताना मला प्रश्न दिसतच न्हाई, तुझं तोंड दिसतंय."

मी म्हणाले, "महादेवापुढं बोललेलं मोडलंस. पुन्हा चपला घालून माझ्या दारात येऊ नकोस."

 त्यानं वाकून नमस्कार केला आणि गेला.

अहमदपूरच्या स्टँडजवळचं त्याचं दुकान चांगलं चाललं, लग्न झालं, पोरं शिकली. माणूस समाधानी होता, हे मला दिसत होतं आणि तरी खुपत होतं. शाळेत मी जन्मभर पोरांना सांगत आले, धरलं ते सोडू नका. माझ्या घरात एकानं सोडून दाखवलं होतं आणि त्याला मी कधी "बरं केलंस" म्हटलं नाही. तो सणासुदीला यायचा, मी पुरणपोळी वाढायची, आणि तो विषय दोघंही काढायचो नाही. चपला पायरीपाशी काढत असेल, असं मी धरून चालले होते. चाळीस वर्षांत एकदाही बाहेर डोकावून पाहिलं नाही.

परवा कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाई, भाऊंच्या चपला हायेत. दर बारीला माझ्याकडं काढून ठेवायचे. म्हणायचे, दारात दिसल्या की अक्काला दुखतंय. त्या दिवशी जीप तशीच पुढं गेली, अन् ह्या राहिल्या."

त्यांच्या दुकानापासून माझ्या दारापर्यंत शंभरेक पावलं आहेत. मधे सगळी खडी. चाळीस वर्षं तो ती चालत आला, माझ्या एका वाक्यासाठी... आणि मी त्याला पाणी देताना कधी त्याच्या पायांकडे पाहिलं नाही.

टाचेकडे झिजलेल्या आहेत. मी त्या पदरानं पुसल्या आणि उंबऱ्याच्या आत, तो बसायचा त्या खुर्चीखाली ठेवल्या. बसू, आता चपला घालूनच आत ये रे...