तिसऱ्या रांगेतलं हसू

आमच्या थोरल्या जाऊबाई हसायला लागल्या की शेजारच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायचं. वाढवून सांगत नाही. माझ्यात बाकी शंभर खोडी असतील, पण ती एक नाही. त्यांचं हसणं हातपंपासारखं होतं. आधी दोन-तीनदा नुसती कोरडी हवा, आपल्याला वाटतं काही येत नाही, आणि मग एकदम भसाभसा. शेवटी डोळे पुसत "अगं बाई, अगं बाई" म्हणत त्या जवळ जो असेल त्याच्या दंडाला धरायच्या. बहुतेक वेळा तो दंड माझा असायचा.

पण हे हसणं मागून मिळायचं नाही. पाहुण्यांनी विनोद केला तर आपण निदान दात तरी दाखवतो. जाऊबाई शांतपणे बघत राहायच्या, पाहुणा बिचारा घाम पुसायचा. "काय करू, आलं नाही गं," म्हणायच्या. कामावरही तोच खाक्या. बल्बच्या कारखान्यात त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. बल्ब लावायचा, पेटतो का बघायचं, काढून खोक्यात ठेवायचा. जरा लुकलुकला की बाजूला. मुकादम म्हणायचा, "एवढं चालतं हो बाई." या म्हणायच्या, "चालतं तर तुमच्या घरी लावा."

आता त्या कार्यक्रमाचं सांगते. रेडिओवर दर रविवारी सकाळी 'दोघं आणि लिफ्ट' लागायचा. एक म्हातारा लिफ्टवाला आणि एक कायम उशीर झालेला कारकून. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बंद पडते आणि अर्धा तास ते दोघं बोलतात. संपलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. इतकी वर्षं झाली, लिफ्ट काही चौथ्या मजल्यावर पोचली नाही. मला विचाराल तर एखाद्या मिस्त्रीला बोलावलं असतं तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. पण हे बोलायची सोय नव्हती. लोक वेडे होते वेडे! आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत त्या वेड्यांचं मंडळ भरायचं. ते स्वतःला 'अडकलेले' म्हणवून घ्यायचे. लिफ्ट तीन माणसांची की चार माणसांची, यावरून दोन साडू तिथे भांडले आणि वर्षभर एकमेकांच्या घरी गेले नाहीत.

कार्यक्रम रेडिओ केंद्राच्या छोट्या हॉलमधून थेट व्हायचा, समोर माणसं बसवून. लाल दिवा लागला की खोकायलाही बंदी, हसायला तेवढी परवानगी. थोरले भावजी गेले आणि जाऊबाई मुक्या झाल्या, तेव्हा मीच त्यांना तिथे ओढून नेलं. कितीतरी महिने त्या घरात भिंतीसारख्या वावरत होत्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. कार्यक्रम अर्धा झाला आणि लिफ्टवाला काहीतरी म्हणाला. काय ते मला आता आठवत नाही, तेव्हाही कळलं नव्हतं. पण माझ्या शेजारून तो कोरडा पंप ऐकू आला. एकदा, दोनदा, आणि मग भसाभसा. मी तिथेच रडायला लागले. लोकांना वाटलं, मी पण हसतेय.

तेव्हापासून त्यांचा रविवार चुकला नाही, आणि त्यांचं हसणं रेडिओवरून घराघरांत पोचलं. लोकांनी त्यांना नावही दिलं, 'तिसऱ्या रांगेतल्या काकू'. काकू हसल्या तर भाग चांगला, नाही हसल्या तर बरा, असा हिशेब व्हायला लागला. घड्याळवाले त्यांच्याकडून घड्याळ दुरुस्तीचा पैसा घेईनात. पावाच्या दुकानात त्यांना रांगेत उभं राहू देत नसत. मी जरा फुशारकी मारत असेन, "आमच्याच त्या," म्हणून. जाऊबाईंना मात्र लाज वाटायची. "मी काय केलं? करतो तो," म्हणायच्या.

तो म्हणजे लिफ्टवाला. एका हिवाळ्यात त्याला झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. कार्यक्रम बंद झाला. जाऊबाई रोज सकाळी रेडिओ लावून बातमी ऐकायच्या आणि आपल्याच घरातलं कोणी दवाखान्यात असल्यासारख्या कामाला जायच्या. काही महिन्यांनी कळलं की तो उठला, चालतो, काठी धरून का होईना. कार्यक्रम पुन्हा सुरू होणार.

त्या आधीच्या शुक्रवारी कार्यक्रमाच्या निर्मात्या बाई आमच्या घरी आल्या. चांगल्या होत्या हो, उगाच दोष देणार नाही. चहाचा कप हातात फिरवत म्हणाल्या, "काकू, त्यांना बोलायला वेळ लागतो. घाबरलेत फार. वरच्या साहेबांनी सांगितलंय, दोन रविवार बघू, नाही जमलं तर कार्यक्रम बंद. आणि तो बंद झाला तर तो माणूस जगायचा नाही. स्टेजवर त्यांचा कान तुमच्याकडे असतो. थोडंसं हसाल? त्यांच्यासाठी?"

जाऊबाईंचं तोंड उतरलं. "प्रयत्न करते," एवढंच म्हणाल्या.

बाई गेल्यावर मी सरावच घेतला. "हसून दाखवा बघू." त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि असा काही आवाज काढला की माझा नवरा अर्धी दाढी करून बाहेर धावत आला. "कुणाला लागलं?" त्याचं ते फेसाळलेलं तोंड बघून जाऊबाई खरोखरीच हसल्या. मी म्हटलं, "हं! हेच! हे असं करा!"

"अगं, पण हे आपोआप आलं!"

रविवारी हॉल गच्च भरला होता. लिफ्टवाला काठी टेकत आला आणि सगळे उभे राहिले. लाल दिवा लागला. तो बोलायला लागला. काय सांगू, ऐकवत नव्हतं. त्याला छोटी छोटी वाक्यं दिली होती, तीही तो घाईघाईने, जीभ लपवत उरकत होता. आणि हॉल? हॉल प्रत्येक वाक्याला हसत होता. "नमस्कार" म्हणाला, हसले. खोकला, हसले. पुढच्या रांगेत घड्याळवाले तर मांड्या बडवत होते. जाऊबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मी कोपराने ढोसलं. "हसा की!" कुजबुजले. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

मध्ये गाणं लागायचं, तेवढी विश्रांती. लिफ्टवाला पायऱ्या उतरून सरळ तिसऱ्या रांगेपाशी आला. सगळे बघतायत. त्याने विचारलं, "काकू... नाही ना... जमत?"

मला वाटलं, आता तरी या खोटं बोलतील. आजारी माणूस समोर उभा आहे. जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "नाही."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. लिफ्टवाल्याने मान हलवली आणि तो परत गेला. राहिलेला अर्धा भाग तसाच गेला. लोक आणखी जोरात हसले, जणू आमच्यावर राग काढत होते.

मग काय, गल्लीत आमचं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. रेडिओवर ऐकणाऱ्यांनाही कळलं होतं की काकू हसल्या नाहीत, आणि हॉलमधल्यांनी "नाही"ची कथा तिखटमीठ लावून घरोघर पोचवली. पाववाल्याने पाव दिला पण बघितलं नाही. कारखान्यात बायका डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेल्या. घड्याळवाले रस्त्यात गाठून म्हणाले, "काकू, एवढ्या वर्षांत त्या माणसाने तुम्हाला काय कमी दिलं? एक हसणं देता आलं नाही?" जाऊबाई खाली मान घालून उभ्या.

घरी आल्यावर मीही सोडलं नाही. माझं तोंड फटकळ. "हरिश्चंद्राच्या वंशातल्या लागून गेलात का? एकदा 'हा हा' केलं असतं तर तोंड झिजलं असतं?"

त्या म्हणाल्या, "मी गप्प बसले होते तेव्हा त्याने मला खरं हसवलं होतं गं. त्याला मी खोटं कसं देऊ?" आणि रडल्या. भावजी गेले तेव्हाही माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. मी जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या रविवारी बघते तर या तयार होऊन दारात. "कुठे निघालात? कुठल्या तोंडाने जाणार?"

"याच," त्या म्हणाल्या. "आज शेवटचा असला तर? मी नाही गेले तर त्याला वाटेल, मी त्याला सोडलं."

मी चपला घातल्या. म्हटलं, कोणी एक शब्द बोलू दे, त्याची गाठ माझ्याशी आहे.

हॉलमध्ये आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. निर्मात्या बाईंनी लांबूनच नमस्कार केला, चेहरा पांढरा. लाल दिवा लागायच्या आधी लिफ्टवाला एकटाच पुढे आला आणि बोलायला लागला. एकेका शब्दाला वेळ लागत होता. पण आज तो लपवत नव्हता.

"दवाखान्यातून आल्यापासून," तो म्हणाला, "मी काही बोललो की सगळे हसतात. नर्स हसते. डॉक्टर हसतो. बायको हसते. लग्न झाल्यापासून ती माझ्या विनोदाला कधी हसलेली नाही. मला वाटलं, संपलं आपलं. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, तसं चाललंय. मागच्या रविवारी एक माणूस हसला नाही." त्याने दम घेतला. "त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलो. कुणीतरी अजून मला नट समजतंय. आज कोणी मेहेरबानी करायची नाही."

घड्याळवाल्यांनी मान खाली घातली. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या पुढे सरकून, खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

लाल दिवा लागला. आणि शांतता हो! कारकून बोलला, लिफ्टवाला बोलला, कोणी हसेना. पहिला विनोद पडला, दुसरा पडला. निर्मात्या बाई नखं खात होत्या. मग लिफ्टवाला एका शब्दाशी थांबला. "अरे... तु... तु..." पुढे येईना. कारकून घाबरला. खरंच घाबरला, हे कागदावर नव्हतं. त्याने शब्द पुरवायला सुरुवात केली. "तुटलं? काय तुटलं? दोर तुटला?" लिफ्टवाल्याने मान हलवून नाही म्हटलं. "तुम्हाला पाणी हवंय?" नाही. "डॉक्टर? डॉक्टरला बोलावू? घरी काही निरोप द्यायचाय?" नाही, नाही. कारकुनाचा आवाज चढत चालला. "शेवटची काही इच्छा आहे का हो?"

लिफ्टवाल्याने डोळे मिटले, घाई न करता पुरता श्वास घेतला आणि एकेक शब्द ठेवला.

"तुझा... पाय... माझ्या... पायावर... आहे."

कारकुनाने खाली बघितलं आणि टुणकन उडी मारली. पाय खरोखरीच होता.

माझ्या शेजारून कोरडी हवा आली. एकदा. मी श्वास रोखला. दुसऱ्यांदा. आणि मग जाऊबाई फुटल्या. अशा हसल्या की खुर्ची हलली. त्यांच्यामागून सगळा हॉल कोसळला, घड्याळवाले खुर्चीवरून खाली घसरले, निर्मात्या बाई भिंतीला टेकून हसतायत आणि रडतायत. कारकून पुढचं वाक्य बोलायला गेला तर लिफ्टवाल्याने बरा हात उचलून त्याला थांबवलं. कार्यक्रम थेट चालू, घड्याळ पळतंय, आणि तो काठीवर भार देऊन, मान तिसऱ्या रांगेकडे कलती करून नुसता ऐकत उभा राहिला. जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटली होती, आणि मीही हसत होते, आणि खरं सांगते, मलाही ते आपोआप आलं होतं.