कारंजं नसलेली बाग

पाटबंधारे खात्यात मी तीस वर्षं आरेखक होतो. आरेखक म्हणजे साहेबांनी ठरवलेला कालवा कागदावर काढणारा माणूस. स्वतःच्या डोक्यातलं काही काढायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे आपल्या डोक्यात पुष्कळ काही आहे असा माझा समज निवृत्तीपर्यंत शाबूत राहिला.

भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची कॉलनी. मधोमध बागेसाठी सोडलेली मोकळी जागा, तिच्यात गाजर गवत, एक कडुलिंब आणि घरं बांधून उरलेल्या विटा. नगरसेवकांनी कंपाउंड आणि पेव्हर ब्लॉकपुरता निधी मंजूर केला. बाकीचं वर्गणीतून करायचं ठरलं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नकाशा साहेब काढतील." मला साहेब म्हणणारं ते पहिलंच माणूस. मी लगेच होकार दिला.

पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग शीट पसरलेली होती आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवत होतो. एकदा वरणाची वाटी माझ्याकडे सरकवताना बायकोने टेबलाकडे नुसतं पाहिलं. पण नकाशा झाला मात्र झकास. चार वाटा मध्यभागी मिळत होत्या आणि तिथे गोल हौदात तीन थरांचं कारंजं होतं. पाण्याचे थेंबसुद्धा मी एकेक करून काढले होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संकल्पना' लिहून पुढे माझं नाव टाकलं.

दोन रविवार मी नकाशाची गुंडाळी घेऊन घरोघर वर्गणीसाठी फिरलो. प्रत्येक घरी उभ्याउभ्या अर्धा तास समजावून सांगायचो. लोक चहा द्यायचे, "छान आहे," म्हणायचे आणि "बघू," म्हणायचे. तिसऱ्या रविवारी शेवटच्या गल्लीतल्या मावशींकडे गेलो. घोडेगावच्या पलीकडे त्यांची शेती. गुडघे गेले म्हणून मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. त्यांनी नकाशा पायरीवर पसरायला लावला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "भाऊ, लिंब कुठं हाय ह्याच्यात?"

"आहे ना. इथे बाजूला."

"दिसंना तर."

मलाही दिसेना. "काढायचा राहिला असेल," मी म्हणालो. "कारंज्याच्या बाजूला येतो."

"चला, बघू."

मी टेप आणला. कोपऱ्यापासून मोजत आम्ही मध्यावर आलो, तर टेपचं टोक लिंबाच्या बुंध्याला टेकलं. म्हणजे तीन थरांचं कारंजं बरोबर झाडाच्या पोटात होतं. तेव्हा मला आठवलं, की मोजमाप घेताना हे झाड आडवं आलं होतं, मी टेप घेऊन त्याला वळसाही घातला होता, वर वैतागलोही होतो. आणि घरी येऊन त्याच्याशिवाय नकाशा काढला.

इथे मी चूक कबूल करायला हवी होती. त्याऐवजी पुढच्या बैठकीत मी सांगितलं, की झाड जुनं आहे, पाला फार पडतो, फांदी कधीही कुणाच्या अंगावर येईल. बोलताना माझा आवाज मलाच कार्यकारी अभियंत्यासारखा वाटला. मावशी मागे बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं कारंजं चालू झालं की मला हाक मारा. तवर मी लिंबाखालीच बसते." मग कुणीतरी विचारलं, की नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तर कारंज्याला कुठून आणायचं? मी नकाशा गुंडाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः दारात आल्या. "चला, वर्गणीला जाऊ. कागूद राहू द्या घरी."

त्या प्रत्येक दारात एकच विचारायच्या. "तुमाला बागंत काय पायजे?" आणि मग गप्प बसायच्या. हे गप्प बसणं मला तीस वर्षांच्या नोकरीत जमलेलं नव्हतं. कुणाला झोपाळा हवा होता, तर त्याचा मेहुणा वेल्डर निघाला. कुणी टेम्पोभर मुरूम कबूल केला. एका बाईंना दुपारी घराबाहेर बसायला जागा हवी होती, त्यांनी लिंबाभोवती पार बांधायला लागतील तेवढ्या विटा दिल्या. पाराची उंची मी गवंड्याला नियमाप्रमाणे अठरा इंच सांगितली. मावशी विटांच्या थरावर बसून पाहत, उठून पाहत राहिल्या. शेवटी त्यांचे गुडघे ज्या थराला कुरकुरले नाहीत, तिथे गवंड्याने खूण केली. ती अठराच्या बरीच वर होती.

उद्घाटनाला मी इस्त्रीचा सफारी घालून पहिल्या रांगेत बसलो. नगरसेवकांनी नारळ फोडला आणि गवंड्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. माझं नाव आलंच नाही.

"तुमच्याबद्दल कायबी बोलले न्हाईत," मावशी म्हणाल्या.

"विसरले असतील."

"बरं झालं. कुणी कागूद बघायला मागितला असता म्हंजे?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी बागेकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, घरात बसवेना, तेव्हा गेलो. पारावर सहा-सात बायका बसल्या होत्या, त्यात माझी बायकोही होती. मावशींनी मला पाहिलं आणि सगळ्यांना थोडं थोडं सरकायला लावलं.