सईला लपवायचा नियम

मला बघायला पाहुणे येणार असले की आमच्या घरात आधी माझ्या धाकट्या बहिणीला लपवतात.

सई एकवीस वर्षांची आहे आणि फार सुंदर दिसते. तिच्यासाठी रिक्षावाले चढ चढून थेट दारापर्यंत येतात. मला खालच्या वळणावरच उतरवतात. (चढ तोच. रिक्षाही तीच.) मागे एका घराने मला बघायला येऊन सईला मागणी घातली, तेव्हापासून आईचा नियम झाला: पोह्यांचा कांदा चिरायला घेतला की सईची रवानगी शेजारच्या काकूंकडे.

त्या रविवारी सावर्ड्याहून पाहुणे यायचे होते. महामार्गावर त्या दिवशी म्हणे कुठेच खोदकाम नव्हतं! असा चमत्कार कुणी हिशेबात धरत नाही, त्यामुळे ते तासभर आधी पोचले. आमचं आणि काकूंचं फाटक एकच. ते नेमके काकूंच्या दारात गेले आणि दार उघडलं सईने.

काकू मागच्या अंगणात आंब्याच्या रसाची साठं वाळत घालत होत्या. सईला वाटलं, त्यांचेच कुणी नातेवाईक. तिने पंखा लावला, कोकम सरबत दिलं, प्रवासाची चौकशी केली. मुलाच्या आईने तिचं शिक्षण विचारलं, उंची विचारली आणि पेला खाली ठेवायच्या आत पसंतीही सांगून टाकली. तेव्हा कुठे सईच्या डोक्यात प्रकाश पडला. चोरीचा माल परत करायला आल्यासारखी ती त्या मायलेकांना घेऊन आमच्याकडे आली.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग सईकडे, मग बाबांकडे.

"धाकटीचंच बघूया की," त्या म्हणाल्या. "आमची काही हरकत नाही."

बाबा टीपॉयवरचं वर्तमानपत्र सरळ करू लागले. सईचे डोळे भरले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. राग आला की मला आधी मनात मराठी वाक्य जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस आपल्या घरी पोचलेला असतो. त्या दिवशी मात्र वेळेत जुळलं.

"अहो, ती शिकतेय. तिचं लग्न आत्ता नाही. आणि रंग बघून निवडायला आम्ही पेटीतले आंबे नाही. पोहे गरम आहेत, खाऊन निघा." मग आईकडे वळून म्हटलं, "यापुढे सई कुठेही जाणार नाही. इथेच बसेल, माझ्या शेजारी."

आईने चक्क मान डोलावली. मुलाने उठून माझी आणि सईची माफी मागितली, आपल्या आईला बाहेर काढलं आणि गाडीत बसवलं.

दिवसभर मी घरात जरा ताठ मानेनेच वावरले. संध्याकाळी बाबा हळूच म्हणाले, "मुलगा मला बरा वाटला हो. आईसमोर माफी मागायला हिंमत लागते. पुन्हा बोलून बघू का?"

"छे," मी म्हटलं. "कान बघितलेत का त्याचे?"